साठातले अठरा दिवस

कतारमध्ये चढण म्हणजे तेलाच्या टाकीची शिडी. दुखानच्या कॅम्पात मी स्टोअरचा क्लार्क, माझ्या खोलीतला सोबती रायगडकडचा फिटर. पाठीला वाळूची गोणी बांधून आम्ही महिनाभर त्या शिडीवर चढउतार केली. फोरमनने विचारलं की म्हणायचं, इन्स्पेक्शन चालू आहे. खरं कारण भिंतीवरच्या कॅलेंडरात होतं: देवदार, बर्फ आणि कड्याला चिकटलेला मठ. चार वर्षं सपाट वाळू बघून डोकं फिरलं होतं, दुसरं काय!

दर दोन वर्षांनी साठ दिवसांची रजा मिळे. सोबती सडाफटिंग, त्याला विचारणारं कोणी नव्हतं. माझी बायको मात्र रत्नागिरीजवळच्या गावी वाट बघत होती. तिला मी बेधडक लिहिलं, यंदा कंपनीने बेचाळीसच दिवस दिलेत. उरलेले अठरा मी लंपास केले.

मुंबईला बोटीतून उतरलो ते थेट पठाणकोटची गाडी धरली. मनालीला खेचरवाला ठरवला. आमच्या सामानात स्टेशनच्या नळावर भरलेले पाण्याचे दोन डबे होते. दुखानला टँकर चुकला की घसा कोरडा. पाण्याशिवाय बाहेर पडायची आमची छातीच नव्हती.

"इसमें क्या है, साहब?" खेचरवाल्याने विचारलं.

"पानी."

त्याने शेजारी गर्जणाऱ्या नदीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि डबे खेचरावरून काढून आमच्याच पाठीवर दिले. देवदारांच्या जंगलातून, पावलोपावली ओढे ओलांडत, आम्ही ते वाहिले. लाज वाटत होती, पण ओतून टाकायला हात धजेना.

रोहतांगची खिंड ओलांडून मठात पोचलो. म्हाताऱ्या लामाने डबे पाहून विचारलं, पानी कहाँ का? सोबती साळसूदपणे म्हणाला, बहुत दूर का. लामाचे डोळे भरून आले. बुद्धापुढच्या सात वाट्या त्याने त्याच पाण्याने भरल्या. मी हसू दाबायला खाली बघत राहिलो.

घरी पोचलो तेव्हा बायकोने पाण्याचा तांब्या दिला आणि तोंडाकडे बघत राहिली.

"नाक सोललेला कशान?"

"कतारचं ऊन."

"आणि डोळ्यांभवती पांढरा? कतारात काय गॉगल लावून खर्डेघाशी करता?"

बर्फासाठी घेतलेल्या गॉगलने माझी अब्रू घालवली. मग सगळं सांगून टाकलं. पाण्याच्या डब्यांपाशी ती पदर तोंडाला लावून हसली, लामापाशी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटलं, सुटलो.

पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "दोन वर्षांत माझे साठच दिवस. त्यातले अठरा तुमी डोंगराला दिलात."

ती उठून चुलीकडे गेली. एवढा शरमिंदा मी जन्मात झालो नव्हतो.