पावण्यांची चाय

आमच्या तोंडवलीच्या घरात चहाचे दोन डबे होते आणि त्यातला चांगला डबा आमच्यासाठी नव्हता. रोजच्या डब्यात वाडीवरच्या दुकानातली डस्ट असायची, भुकटीच म्हणा ना. दुसऱ्यात मुंबयची चाय. हा दुसरा डबा फडताळात वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे, झाकणाखाली फडक्याचा तुकडा घालून घट्ट बसवलेला. आम्ही पोरं त्याच्याकडे नुसती बघायला लागलो तरी चुलीपाशी बसलेली काकी मान न वळवता म्हणायची, "पावण्यांची ती. खाली उतर."

ही माझी मोठी काकी. काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मुंबईत एका चहाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात कामाला होते. काकी गावाला आमच्यात. बाबा शेती बघायचे, आई आणि काकी घर बघायच्या आणि काका वर्षातून एकदा चतुर्थीला यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही होतो, पण आम्ही काही दोघांच्या मध्ये बसून बोलणं वाढवणारी पोरं नव्हतो. गणपती पोचवले की काकांची बॅग भरायला लागायची. नवरा-बायकोचा संसार म्हणायचा तर तो एवढाच.

काकांचं गोदामातलं काम चहाची मिसळ करायचं. वेगवेगळ्या मळ्यांचा माल यायचा, तो चाखायचा आणि कशात काय किती घालायचं ते ठरवायचं. चतुर्थीला येताना काकीसाठी म्हणून स्वतःच्या हाताने मिसळलेला एक डबा आणायचे. सकाळी दूध घालून प्यायची कडक चाय. रंगाला डस्ट, अंगाला आसामचा दाणा आणि वासापुरती निलगिरीची पत्ती. आम्हाला समजावून सांगायचे, "दूध म्हणजे सासरची माणसां. जो येयत तेका आपल्यासारख्या करतत. चाय अशी होयी की दुधात गेली तरी आपला नाव सोडूची नाय." हे ऐकून आई पदराआड हसायची. काकी हसायची नाही, कामाला निघून जायची.

एकदा त्यांनी घरापुढच्या खळ्यात बसून आम्हाला चाखायचं कसं ते दाखवलं. चमचाभर चहा मोठ्ठा आवाज करून ओढला, तोंडात खेळवला आणि पचकन जास्वंदीच्या मुळात थुंकला. काकीच्या अंगाचा तिळपापड झाला. "पोरांसमोर अन्न थुकतत. मुंबयत ह्याचाच पगार देतत काय?" काका म्हणाले, "ह्याचोच." त्या वर्षांत ही दोघं एकमेकांशी एवढं बोललेली मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

पुढे घरात फोन आला. काका रविवारी फोन करायचे. भाताचं विचारायचे, गुरांचं विचारायचे आणि शेवटी, जरा थांबून, "यंदाची चाय कशी आसा?" काकी फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन जोरात सांगायची, "बरी आसा." दर वर्षी हेच. आम्ही पाठीमागे तिची नक्कल करायचो.

आता ती चाय घरात कोण प्यायचं? चतुर्थीपुरते आलेले काका. तेव्हाच भजनाला आलेले बुवा आणि त्यांची मंडळी. तलाठी. मुलगी बघायला आलेले लोक, त्यातले निम्मे परत न आलेले. काकीने कधी कपभर घेतली असेल तर मी बघितली नाही. तिचा आपला डस्टचा काळा पाक, त्यात दुधाचं बोट. एका डब्यात वर्ष निघायचं आणि तरी उरायचं. उरलं की ती डबा फडक्यात बांधून माळ्यावर टाकायची आणि नव्या डब्याला फडताळात जागा करायची. मला तेव्हा तिचा रागच यायचा. चांगलं ते परक्याला, हा आमच्याकडचा जुना रोग. चांगली चादर पाहुण्याला, चांगली बशी पाहुण्याला, घरच्यांनी कान तुटलेल्या कपातून प्यावं आणि वर समाधानी असावं.

काका निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा माझं लग्न होऊन मी सावंतवाडीला होते, पण त्या आठवड्यात माहेरी आले होते. पहिल्याच सकाळी काकीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. काकांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"ही खंयची?"

"दुकानातली. आमची रोजची."

"आणि माझी?"

"ती आसा की. राखून ठेवलंय. कोण येता-जाता."

"तू खंयची पितंस?"

"हीच."

"पयल्यापासून?"

काकीने मान डोलावली. तिला वाटलं आपली बचत सांगितली तर कौतुक होईल, आणि समोरच्या माणसाचा चेहरा तर उतरत चाललेला. काका हळू आवाजात म्हणाले, "एका वर्षी मी मुद्दाम फुचकट, पाणचट मिसळ करून दिलंय. वाटला, फोनवर तरी भांडशीत. तू म्हणालंस, बरी आसा."

तो माणूस दर सकाळी मुंबईत स्वतःची चाय पिताना तिकडे काकीही हीच पीत असेल असं धरून चालला होता. संसार म्हणून त्याच्या हातात होतं ते एवढंच, आणि तेही भजनी बुवांनी पिऊन टाकलं होतं. मला रडू आलं. काकी मात्र कप उचलून मोरीत गेली आणि भांडी आपटायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी उठून तिठ्यावरच्या हॉटेलात चहाला जायला लागले. आता सांगा, घरात चूल पेटलेली, बायको जिवंत, आणि कायमचा घरी आलेला नवरा हॉटेलच्या बाकड्यावर बसून पाव बुडवून खातोय. वाडीला दुसरं काय हवं. बाया विहिरीवर काकीला विचारायच्या, "गो, तुझ्या घोवाक तुझी चाय आवडणा नाय काय?" काकी घागर उचलून घरची वाट धरायची. मग एका दुपारी काका बाबांना म्हणाले, "मी परत जातंय. गोदामात मालक माका ठेवतलो. हय माझ्यावाचून सगळा चलता, तां मी बघलंय." बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. काकी दारातच होती. तिने ऐकलं होतं.

सकाळी उठले तर माळ्याला शिडी लावलेली. काकीने सगळे डबे खाली काढून खळ्यात मांडले होते. गंजलेले, पोचे आलेले, फडकी उंदरांनी कुरतडलेली. बाजूला शेगडी, दुधाचं पातेलं आणि घरातले होते नव्हते तेवढे कप. पाहुण्यांच्या बशांसकट. काका चपला घालून तिठ्याला निघाले होते.

"बसा," काकी म्हणाली. "आज हॉटेल बंद आसा."

हॉटेल काही बंद नव्हतं. पण काका बसले.

तिने एकेका डब्यातली चाय उकळली, दूध घातलं, कप भरला आणि स्वतः प्यायली. काकांना दिला नाही. पहिला कप संपवून म्हणाली, "बरी नाय. डब्याचो वास मारता." दुसरा. "ही पण बरी नाय. शिळी झाली." तिसऱ्याला तोंड वाकडं केलं, तरी संपवला. "ह्या चायेक दुधान गिळल्यान. हीच तुमची फुचकट." काका पुढे सरकले. कप उचलून वास घेतला, तळाचा घोट चाखला आणि म्हणाले, "हीच." मग त्यांना हसू फुटलं ते थांबेना. "थूक गो," ते म्हणाले, "सगळा पिऊचा नसता. मरशीत."

"थुकूचंय नाय," काकी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुढचा डबा उघडत होती. "माझ्यासाठी आणलेली ना? मग माका पिऊक देवा."

दिवसभर तिचं पोट बिघडलं होतं. काका तिला लिंबूपाणी देत बसले. बॅगेचं कोणी नाव काढलं नाही.

त्यानंतर काका एस्टीने सावंतवाडीच्या बाजारात यायचे, चहाची पुडकी घ्यायचे आणि जाताना माझ्याकडे जेवायचे. घरी जाऊन मिसळ करायची आणि काकीपुढे कप ठेवायचा. काकीची जीभ आता मोकळी झाली होती. "बरी नाय." "कडू." "नुसतो रंग." माणूस आनंदाने परत बाजारात यायचा. मी म्हणायचे, "काका, आता पुरे की." ते म्हणायचे, "अजून बरी म्हणाक नाय ती." शेवटी एकदा म्हणाली म्हणे. कधी, कशावर, ते दोघांनी आम्हाला सांगितलं नाही. सकाळी मागच्या पडवीत दोघं बसलेली असायची आणि आम्ही तिकडे जात नव्हतो.

काका गेले त्याला आता वर्ष होत आलं. आजारातही त्यांनी अंथरुणात बसून शेवटचा एक डबा मिसळून ठेवला होता. परवा मी तोंडवलीला गेले. काकीने दोन कप आणले. माझ्यात दुकानातली डस्ट होती, हे पहिल्या घोटाला कळलं. तिच्या कपातून निलगिरीचा वास येत होता.

"माका नाय त्यातली?" मी विचारलं.

"तू पावणी. तुका डस्ट."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी निमूट डस्ट प्यायले. नंतर कप ठेवायला आत गेले तर डबा फडताळात नव्हता, चुलीशेजारी हाताशी होता. उघडून बघितलं, तळ दिसत होता. बाहेर येऊन म्हटलं, "काकी, संपत इली गो. थोडी तरी ठेव, काकांची आठवण म्हणून."

काकीने कपातला शेवटचा घोट घेतला.

"ठेवून बघलंय मी एकदा," ती म्हणाली.

आणि दुसरा कप करायला उठली.