फॅटवाले आणि सांडलेलं दूध

"बोला, चुकी कुनाची?"

रिमोटचं बटण दाबून टीव्हीवरचं चित्र थांबवायचं, खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसायचे आणि रांगेतल्या कुणाकडेही बोट करून हा प्रश्न टाकायचा, ही फॅटवाल्यांची रोजची पद्धत. ज्याच्याकडे बोट गेलं, त्याने मत दिल्याशिवाय त्याच्या किटलीतलं दूध तपासायला घेतलं जायचं नाही. "आधी मत, मग फॅट," असं ते म्हणायचे, आणि लोक ऐकायचे. मी एवढी वर्षं लोकांना रांग नीट लावा म्हणून ओरडतोय, माझं कुणी ऐकलं नाही.

देवळाली प्रवराजवळ आमच्या वस्तीवर दूध संकलन केंद्र आहे. मी तिथला सेक्रेटरी. तेव्हाही होतो, आजही आहे. हे गृहस्थ मशीनवर दुधाची फॅट काढायचे, म्हणून सगळा गाव त्यांना फॅटवाले म्हणायचा. मूळचे तिसगावकडचे. बायकोबरोबर ऊसतोडीला आमच्या भागात यायचे, बायको वारल्यावर इथेच राहिले आणि चेअरमनच्या ओळखीने केंद्रावर चिकटले. शिक्षण सातवी. मी बी.कॉम. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढचं सगळं वाचताना तुम्ही लक्षात ठेवावं की जळायचं काही कारण नव्हतं. तरी मी जळलो.

केंद्रावर टीव्ही मी आणला. मीटिंगमध्ये तीनदा विषय काढून, बाजारभाव आणि बातम्या लोकांना बघायला मिळाव्यात म्हणून. पहिले दोन महिने टीव्हीकडे ढुंकून कुणी बघितलं नाही. मग एका संध्याकाळी फॅटवाल्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि मागे खोचला. त्यात मांजर आणि उंदराचं एक जुनं कार्टून होतं. तुम्हीही असलं काही लहानपणी पाहिलं असेल. पळापळ, आपटाआपटी, दुधाचं पातेलं सांडतं आणि मालक मांजराला घराबाहेर काढतो. सात मिनिटांचा एकच भाग. तोच रोज.

"हेच का?" मी विचारलं होतं.

"तोडीला असताना बागाईतदाराच्या खिडकीतून बगायचो, सेक्रेटरी. भायेर उभं राहून आवाज येत न्हाई. बाकीच्यात कोन काय बोलतंय कळायचं न्हाई. ह्यात बोलतच न्हाई कुनी. समदं कळतं."

मला वाटलं, चार दिवसांत लोक कंटाळतील. लोक उलट वेळेच्या आधी यायला लागले. ज्यांची धार सात वाजता निघायची त्यांच्या म्हशी साडेसहाला पान्हवायला लागल्या. आणि तोच भाग रोज बघूनही रोजची मतं वेगळी निघायची, हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही.

"उंदराची चुकी," एक शेतकरी म्हणायचा. "माझी बाजरीची पोती फोडलीत त्यांनी. मला इचारा उंदीर काय चीज हाय ते."

"मांजराची," एक म्हातारी ठासून सांगायची. "दूध उघडं टाकून झोपलंच कशाला मेलं?"

फॅटवाले प्रत्येक मत मान खाली घालून ऐकायचे आणि मग निकाल द्यायचे. दुधाला देतात तसा. "साडेतीन. बरं हाय, गाईचं हाय." कुणी दुसऱ्याचंच मत पुन्हा सांगितलं, की नाक मुरडायचे. "पानी घातलंय ह्याच्यात." ज्याच्या मताला सात-आठची फॅट लागायची तो माणूस घरी जाताना मोटारसायकलीवर गाणं म्हणायचा. खऱ्या दुधाला कमी फॅट लागली तर माझ्याशी भांडणारी हीच माणसं मताला कमी लागली की मुकाट्याने म्हणायची, "उद्या चांगलं आणतो."

एक नवी सून होती. वर्षभर किटली ठेवून, स्लिप घेऊन, मान वर न करता जायची. एके दिवशी बोट तिच्याकडे गेलं. मी मनात म्हटलं, आता फजिती होणार यांची. ती पदर सावरून म्हणाली, "मालकाची चुकी. दूध कोनी सांडलं ते बगितलंच न्हाई त्यानं. जो समोर घावला त्याला भायेर काढलं." रांगेत तिची सासूही होती. फॅटवाल्यांनी टॉवेल खांद्यावरून काढून हवेत फिरवला आणि ओरडले, "नऊ! नऊ लागली!" सासूसुद्धा हसली. आता तीच सून बचत गटाची अध्यक्ष आहे आणि मला दर महिन्याला अर्ज लिहून देते, त्यात माझ्या चुका काढते.

मला त्यांनी एकदाच विचारलं. "सेक्रेटरी, तुमचं मत?"

"मला पोरखेळाला वेळ नाही," मी कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणालो.

"बरं. सेक्रेटरी गैरहजर," ते म्हणाले, आणि सगळी रांग हसली. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, हे मला कळत होतं. अंगाचा तिळपापड मात्र व्हायचा तो झालाच. पुन्हा त्यांनी मला विचारलं नाही, आणि विचारत नाहीत म्हणून मला आणखी राग यायचा. माणसाचं पोट कसं कसं दुखतं बघा.

तोवर हे सगळं सहन करण्यासारखं होतं. मग सुमन आली.

सुमन माझी बायको. आमच्या घरी दोन गाई. दूध आधी गडी आणायचा. एके दिवशी ती म्हणाली, "आज मीच जाते, पाय मोकळे होतील." दुसऱ्या दिवशीही तिचे पाय मोकळे व्हायचे होते. तिसऱ्या दिवशी ती जाताना धुवट साडी नेसली. मी काही म्हणालो नाही. केंद्रावर ती बायकांच्या रांगेत उभी राहायची आणि मी माझ्या टेबलाशी बसून तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. घरी कधी पाहिलं नाही एवढं हसू तिथे सात मिनिटांत यायचं.

पाच-सहा दिवसांनी बोट तिच्याकडे गेलं. "वहिनी, बोला. चुकी कुनाची?"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "चुकीचं मला कळत न्हाई, दादा. मला मांजराचं वाईट वाटतं. दिवसभर घरातच असतं, घरासाठीच पळतं. पण त्याला तुझं काय म्हननं हाय असं कुनी एकदा बी इचारत न्हाई."

फॅटवाल्यांनी आकडा सांगितला नाही. टॉवेल हातात धरून ते नुसते उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "खरं हाय, वहिनी." रांगेतली माणसं उगाचच किटल्यांची झाकणं बघायला लागली. माझ्या हातून त्या वेळी एकाची स्लिप दुसऱ्याला गेली.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. हे वाक्य तिच्याकडे किती वर्षं पडून होतं कोण जाणे. ते मला सांगायचं सोडून तिने सातवी शिकलेल्या, तोडीवरून आलेल्या माणसाला सांगितलं, चाळीस माणसांसमोर, आणि ते ऐकायला तो थांबला. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटला तो मत्सर, निव्वळ. तिने हे त्यांना का दिलं, एवढंच डोक्यात. घरी आल्यावर ती भाकऱ्या थापत होती तेव्हा मी दोनदा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन परत फिरलो.

त्याच सुमाराला केंद्राची निवडणूक आली. आमच्याकडे निवडणूक म्हटली की दोन पॅनल, आणि दोन पॅनल म्हटले की प्रत्येक गोष्टीत दोन पॅनल. पंधरा दिवसांत वस्तीवर असं झालं, की चेअरमनच्या बाजूचे लोक उंदराची चुकी म्हणायचे आणि विरोधातले मांजराची. कुणी ठरवलं नव्हतं. एकाने सुरुवात केली, दुसऱ्याने त्याला विरोध म्हणून उलटं मत दिलं, आणि मग ज्याची त्याची बाजू पक्की झाली. चुलतभावांनी मांजर-उंदरावरून बोलणं टाकलं. फॅटवाले वैतागले. "पानी, पानी. समदं पानी हाय हे," असं म्हणत सगळ्यांना दीडची फॅट द्यायला लागले.

चेअरमनला मिशा होत्या. भरघोस, दोन्ही बाजूंना ताठ उभ्या, अगदी मांजरासारख्या. हे साम्य त्यांच्या कानावर कुणी घालायचं, एवढाच प्रश्न होता.

मी घातलं. त्यांच्या ओसरीवर चहा पिताना मी सहज म्हणावं तसं म्हणालो, "अण्णा, रोज संध्याकाळी रांगेत तुमच्यावर मत घेतात. मांजर म्हणजे तुम्ही, असं लोक समजतात." पहिलं वाक्य धडधडीत खोटं होतं. दुसरं त्या दिवशी खोटं होतं. चेअरमनने ते चार ठिकाणी रागाने बोलून दाखवल्यावर आठवड्यात खरं झालं. त्यानंतर फॅटवाल्यांची बदली झाली, कोल्हारच्या बाजूला, जिथे दूध थंड करतात त्या जागी. तिथे रांग नसते. नुसते टँकर येतात.

निरोप घ्यायला ते माझ्या टेबलापाशी आले. पिशवीत दोन शर्ट, टॉवेल खांद्यावर. म्हणाले, "चेअरमनला कुनीतरी सांगितलं म्हनं, की मी त्येंना मांजर म्हनतो. सांगनाऱ्यानं मला इचारायचं हुतं. चेअरमन मांजर न्हाईत, उंदीर बी न्हाईत. चेअरमन पातेलं हायेत. समदे त्येंच्याच मागं."

मला हसू फुटलं, ते मी दाबलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मला लाज वाटायच्या आधी हेवाच वाटला. ज्या माणसाला आपण उठवून लावतोय तो जाता जाता असलं वाक्य बोलून जातो, आणि बी.कॉम. होऊन आपल्याला ते सुचत नाही. त्यांना माझं कळलं होतं का? माहीत नाही. ते माझ्याकडे बघत होते, पण ते सगळ्यांकडेच तसे बघायचे, उत्तराची वाट बघत असल्यासारखे.

पेनड्राइव्ह त्यांनी टीव्हीलाच ठेवला. "मान्सांना सवय लागलीया. लावत जा."

मी लावला. पहिल्याच संध्याकाळी चित्र थांबवलं आणि एका म्हाताऱ्याकडे बोट करून विचारलं, "हं, चुकी कोणाची?" म्हाताऱ्याने आधी माझ्याकडे, मग मागच्या माणसाकडे पाहिलं. "सेक्रेटरी, फॅट सांगा. उशीर व्हतोय." दोन-तीन दिवस प्रयत्न केला, मग बाजारभाव लावले. सुमनचे पाय दुखायला लागले. दूध पुन्हा गडी आणायला लागला.

टँकरचा ड्रायव्हर अधूनमधून तिकडच्या गोष्टी सांगायचा. तिथे रांग नव्हती, तर फॅटवाल्यांनी ड्रायव्हरांनाच गोळा केलं होतं. मोबाईल डब्याला टेकवून तेच कार्टून. "आमच्यातल्या एकाला आठ लागली," तो अभिमानाने सांगायचा. मी कधी न पाहिलेल्या त्या ड्रायव्हरांचाही मला राग यायचा. पुढे फॅटवाले गावी गेल्याचं कळलं. आणि या वर्षी थंडी संपताना त्याच ड्रायव्हरने स्लिप घेता घेता सांगितलं, "फॅटवाले गेले ना. तिकडं तिसगावला. झोपेतच."

मी घरी जाऊन सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "कधी?" बदली कुणी करवली हे सांगायची तीच वेळ होती. मी गाईंना पाणी पाजायला गेलो.

त्यानंतरच्या रविवारची दुपार. सुमन पडवीत मोबाईल घेऊन बसली होती. तिच्या भाचीने तो भाग कुठूनतरी शोधून पाठवला होता. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. मग विचारलं, "तुला काय वाटतं गं यातलं? म्हणजे, तुझं काय म्हणणं आहे?"

तिने मोबाईल मांडीवर ठेवला. "माझं सांगून झालंय. समद्या गावानं ऐकलंय. तुमचं सांगा."

उंदराने नक्की काय केलं, मालक म्हातारा की तरुण, मांजर काळं की पांढरं, मला काही सांगता येईना. लोकांची मतं एकूणएक पाठ होती. पण रोज संध्याकाळी ते कार्टून माझ्यासमोर चालू असताना मी फक्त फॅटवाल्यांकडे बघत होतो. कोण त्यांच्याकडे बघून हसतंय, किती हसतंय. सुमन हसतेय का.

"मी बघितलंच नाही," मी म्हणालो.

"काय?"

"कार्टून. एकदाही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावेल असं वाटलं, हसेल असंही वाटलं. तिने थोडं सरकून मोबाईल आमच्या मध्ये तांब्याला टेकवून ठेवला आणि भाग पहिल्यापासून लावला.

मांजर पिवळं निघालं. ते झोपलेलं होतं. उंदराचा पत्ता नव्हता, दूध सांडायला अजून अवकाश होता, पडद्यावर काही म्हणता काही झालेलं नव्हतं. सुमन मात्र हसायला लागली होती, आणि डोळे पुसत होती.