शकूने रंगवलेल्या पाठी

शकूला त्यांनी शेवटपर्यंत गाऊ दिलं नाही.

परवा ती गेली. आणि काल त्याच माणसांनी फेसबुकवर लिहिलं, "आमच्या मंडळाची तानपुऱ्याची साथ हरपली."

सोबत फोटो. मध्ये सांगलीच्या त्या संगीत मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब, गळ्यात हार. कडेला शकूचं कोपर आणि तानपुऱ्याचा अर्धा भोपळा.
बाकीची शकू क्रॉप केलेली.

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिकवायच्या, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं.
जिवंत माणसांबद्दल त्यांनी काही सांगितल्याचं आठवत नाही.

तर.

शकू माझी मैत्रीण. दोघी साताऱ्याच्या. ती बँकेतून रिटायर झाली, मी शाळेतून. गळा असा, की माझ्या स्वयंपाकघरात ती भीमपलास गुणगुणायला लागली की मी कुकर बंद करायचे.

मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला एसटीने सांगलीला जायची. गाणाऱ्याच्या मागे बसून तानपुरा छेडायची. घरी आली की जलरंग काढून बसायची. चित्रकला कुठे शिकली नव्हती.

तिच्या चित्रांत फक्त पाठी असायच्या.
बुवांची पाठ. बाईंची पाठ. घसरलेली शाल, मानेवरचा घाम, पाण्यासाठी मागे आलेला हात.

"चेहरे का नाही गं काढत?"
"मला दिसतात कुठे?"

दोन वर्षांपूर्वी आप्पासाहेबांनी शब्द दिला. वार्षिक संमेलनात पहिलं गाणं शकूताईंचं.
शकूने जांभळी इरकल घेतली. रियाज तर असा केला, की शेजारच्यांनाही बंदिश पाठ झाली.

त्या दिवशी मी तिचा थर्मास धरून विंगेत उभी होते, म्हणून हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"शकूताई, तुम्ही काय, घरच्याच. आज आमच्या सूनबाई गातील. पुढच्या वर्षी तुमचं नक्की. तेवढं तानपुऱ्यावर बसा, ती जरा घाबरलीय."

साउंडवाले मारुतीमामा मध्येच बोलले, "आवं सायेब, ताईंच्या बेतानं माईक लावलाय मी. भायेर बोर्डावर नाव बी त्यांचंच हाय."
"मग पुसा."

शकू बसली. नवी इरकल नेसून, सूनबाईंच्या मागे.

परतीच्या एसटीत मी ओरडले, "उठून का नाही आलीस?"
"तानपुरा मी जुळवला होता. मध्येच कसा टाकू?"

कराडला म्हणाली, "कोमल गंधार आला की सूनबाई खांदे उचलतात. चित्रात मस्त येईल."

पुढचं वर्ष आलं. शकूच्या जागी मुंबईचे पाहुणे गायले.
त्यानंतरचं संमेलन बघायला शकू राहिली नाही.

हॉस्पिटलमध्ये तिने चित्रांची फाईल माझ्याकडे दिली. "ते मागायला येतील. तू भांड. मला ते कधी जमलं नाही."

काल संध्याकाळी फोन आलाच.

"बाई, शकूताईंच्या चित्रांचं प्रदर्शन आपल्या हॉलमध्ये करू. उद्घाटन मीच करतो. शेवटी प्रोत्साहन आम्हीच दिलं ना त्यांना! आणि हो, माझा चेहरा असलेलं एखादं चित्र असेल तर बघा. बॅनरवर घेऊ."

मी म्हटलं, बघते.

आप्पासाहेब, बघितलं. आहे.
फाईलमध्ये सगळ्यात खाली. तुमचा चेहरा असलेलं एकच.

इथे टाकलंय. मंडळींनी झूम करून बघावं.

मध्यभागी जांभळी इरकल नेसलेली बाई गातेय. समोरून. मोकळ्या गळ्याने. केस पांढरे, म्हणजे तिथे शकूने रंग लावलेलाच नाही, कागद कोरा सोडलाय.

आणि तिच्या मागे तानपुरा घेऊन बसलेत ते तुम्ही.
चेहरा हुबेहूब. तानपुरा मात्र उलटा धरलाय, तारा अंगाकडे. नवीन माणूस, चालायचंच.

बॅनरवर हेच घ्या. दुसरं मिळणार नाही.

बाकीच्या सगळ्या पाठी येत्या रविवारी साताऱ्यात, माझ्या घरच्या भिंतीवर लागतील. कुणीही यावं. शकूचा भीमपलास माझ्या मोबाईलमध्ये आहे, सुरुवातीला कुकरची एक शिट्टी आहे ती सोडून द्या. मारुतीमामा साउंड घेऊन येतायत.

आप्पासाहेब, तुम्हीही या.
तुमची जागा मागे ठेवलीय.

शकू, तुझ्या तानपुऱ्याला त्यांनी श्रद्धांजली वाहिलीच आहे. तुझ्या गाण्याला ही माझी.

भांडले गं.
आता तू गा.