होडीतलं पाणी

गुडघ्यांनी माझं समुद्रात जाणं बंद केलं, तेव्हा होडी अंगणात आणून ठेवली. विकली नाही. लाकडी होडी कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून तळात वीतभर पाणी ठेवायचं. हे मला बापाने शिकवलं. शाळा माझी दुसरीतच सुटली. आधी मी समुद्राचंच पाणी आणून ओतायचो. पुढे तेवढं चालवेना, आणि दुसऱ्याला सांगणं माझ्या स्वभावात नाही. विहिरीचं घालायला लागलो.

आमच्या वाडीची आशाताई दर आठवड्याला घरोघर डासांच्या अळ्या शोधत फिरते. हंडे, टाक्या, जुने टायर बघते, वहीत लिहिते. दसऱ्याच्या सुमारास तिने होडीतलं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन माझ्यापुढे धरलं. अळ्या वळवळत होत्या.

"आजोबा, हे ओतून टाका."

"माझ्या होडीला हात लावायचा नाय."

पुढच्या खेपेला ती बरणीतून गप्पी मासे घेऊन आली. नखाएवढे. "हे सोडते. अळ्या खातात. पाणी राहू दे तुमचं."

मी हसलो. "अगो, ह्या होडीत सुरमई पडायची! ही कसली मासळी? ने घरी, कालवण कर."

बायको दारातून म्हणाली, "सोडू द्या की तिला. होडी काय बाटत नाय तुमची."

"तू गप."

बरणी आली तशी परत गेली.

पंधरा दिवसांत बायकोला ताप भरला. दापोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, डेंग्यू. खाटेवरून तिने मला विचारलं, "होडीत पाणी घातलंत का? सुकेल हो ती." मी मान डोलावली. चौथ्या दिवशी ती गेली.

तेरावं झाल्यावर मी होडीच्या तळाचं बूच काढलं. पाणी अंगणात जिरलं. उन्हाने फळ्या उघडल्या. आता फटींतून हात आत जातो.

आशाताई आली, पण वाटी काढली नाही. ओट्यावर टेकली. "आजोबा, तेव्हा वाडीत बऱ्याच घरांत अळ्या होत्या. कुठला डास चावला, कोण सांगणार?"

पोर चांगली आहे. मला सोडवायला बघत होती.

"वहीत माझं घर लिहिलंयस ना?" मी विचारलं.

"लिहिलंय."

"मग खोडू नकोस."