तो प्लग मी काढत होतो

मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात दाढी करत बसलो होतो. फोन त्याच्या मुलीचा, पल्लवीचा होता. "गुरुजी, बाबा गेले," एवढंच ती बोलली आणि मग पलीकडून नुसता बसस्टँडवरचा गलका ऐकू येत राहिला... कामरगावहून कारंज्याला जाणारी त्याची रोजची बस. स्टँड आला तरी तो उठला नाही. कंडक्टरला वाटलं, डोळा लागला असेल. मी तोंड धुऊन अर्ध्या दाढीनं त्याच्या घरी गेलो. जमलेली माणसं हार्टअटॅक म्हणत होती, मीही मान हलवली. पण बावन्नाव्या वर्षी तो त्या बसमध्ये रोज का बसत होता, हे त्या गर्दीत एकट्या मला ठाऊक होतं. आता सहा आठवडे झाले. ते लिहिल्याशिवाय मला त्याच्याबद्दल दुसरं काहीही लिहिण्याचा अधिकार नाही.

मधुकर माझा विद्यार्थी. आठवीत त्याला विद्युतधारा मीच शिकवली. पुढे त्यानं गावातच, बस थांब्याजवळच्या एका खोलीत, दाखले आणि निराधारांच्या पगाराची, म्हणजे दरमहाच्या सरकारी मदतीची, कामं करून देणारं केंद्र उघडलं. मी निवृत्त झालो, पत्नी गेली, आणि माझी दुपार त्या खोलीत सरू लागली. पंख्याखाली, भिंतीला लागून त्यानं माझी जागा ठेवली होती. चुकून कुणी बसलं तर तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायचा, "उठा भाऊ, ते गुरुजीची खुर्ची हाय." त्याच्या लॅपटॉपला यूएसबीची दोनच तोंडं होती आणि जोडायच्या वस्तू वाढतच चालल्या होत्या. ओळख पटवायचं अंगठ्याचं मशीन, डोळ्याचं मशीन, कॅमेरा, प्रिंटर, माउस... एक लावायचं तर दुसरं काढावं लागे. शेवटी अकोल्याहून तो सात तोंडांचा हब घेऊन आला. त्याला स्वतःचा वेगळा अ‍ॅडॉप्टर होता. मी विचारलं, हा कशाला? तर हसून म्हणाला, "एका बोअरवर पाच मोटारी टाकल्या त कोनाच्याच वावरात पानी पोचत नाई, गुरुजी. म्हनून याले सोताची लाइन पायजे." मला कौतुक वाटलं. इतकं सोपं मीही वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

त्या अ‍ॅडॉप्टरचा प्लग माझ्या खुर्चीमागच्या बोर्डात होता. माझा फोन जुना, बॅटरी दुपारपर्यंत उतरायची, आणि पुण्याहून मुलाचा फोन दुपारीच येणार. एक दिवस मी तो प्लग काढून माझा चार्जर लावला. वाकून पाहिलं तर हबचा लाल दिवा तसाच चालू. वाटलं, चाललंय की याचं! तो दिवा लॅपटॉपच्या उसन्या विजेवर जळत होता. दिव्याला चिमूटभर वीज पुरते, पण अंगठ्याचं मशीन चालू झालं, त्यात डोळ्याचं जागं झालं की सगळ्यांचीच उपासमार होते आणि एखादं मध्येच गळून पडतं. विज्ञानाचा शिक्षक असून हे माझ्या डोक्यात आलं नाही. निघताना मी प्लग जागेवर लावून जायचो, कुणाची वस्तू बिघडवू नये म्हणून. रोज. चार-पाच महिने.

दुपारी मशीन बंद पडू लागलं. मधुकरनं वायर बदलली, अंगठ्याचं मशीन नवं आणलं, तरी तेच. चंद्रभागाबाई नावाच्या म्हातारीला चार वेळा परत जावं लागलं. पहिल्या वेळी तिनं मलाच टोमणा मारला होता. "हे मास्तर दिसले का माहा आंगठा भेते. शायेत कधी गेलाच नाई ना तो!" सगळी खोली हसली. मीही हसलो. चौथ्या वेळी ती हसली नाही. तिचा पगार अडकला होता. गावात बोललं जाऊ लागलं की मधुकर मुद्दाम अंगठा लावून घेत नाही, वरचे पैसे मिळाले की घेतो. तिच्या पुतण्यानं तक्रार दिली.

चौकशीच्या आदल्या रविवारी मधुकर आणि पल्लवीनं सकाळभर सगळी मशीनं एकदम चालवून पाहिली. काहीच बिघडलं नाही. मी दुपारी गेलो तर तो डोकं धरून बसला होता. "सकाळी समदं चालते. दुपारीच काहून बंद पडते? तुमी विज्ञानवाले, तुमीच सांगा मले."

माझा हात चार्जर घेऊन बोर्डापाशी पोचला होता. त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि मी म्हणालो, "दुपारी व्होल्टेज पडत असेल."

दुसऱ्या दिवशी मी चार्जर घरी ठेवला. वाटलं, आता मशीन चालेल, चौकशीला येणाऱ्या साहेबांना दिसेल, प्रकरण मिटेल. मशीन चाललं. साहेबांसमोर चंद्रभागाबाईचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. साहेब म्हणाले, "मशीन तर ठणठणीत आहे. मग बाईला चार वेळा परत का पाठवलं?" मधुकर म्हणाला, "साहेब, दुपारी व्होल्टेज पडते." साहेबांनी घड्याळ दाखवलं. दुपारचे अडीच वाजले होते. मधुकरनं माझ्याकडे पाहिलं. पंचनाम्यात लिहिलं गेलं, सर्व उपकरणे सुस्थितीत आढळली. गावातले प्रतिष्ठित म्हणून खाली माझी सही घेतली. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

केंद्र बंद झालं. मधुकर कारंज्याला दुसऱ्याच्या केंद्रात नोकरीला लागला, रोज बसनं. बाजारात लोक त्याला ऐकू जाईल असं बोलत. दिवाळीला तो माझ्या पाया पडायला आला तेव्हाही मी सांगू शकलो असतो... त्याला आशीर्वाद दिला.

तेरवीनंतर मी पल्लवीला सगळं सांगितलं. ती दारातच उभी होती, बसा म्हणाली नाही. म्हणाली, "मले काहून सांगता? माहा बाप चोर नाई हे मले ठाऊकच होतं. गावाले सांगा. पंचनाम्यावर सही केली होती ना तुमी? तशीच करा. लिहून द्या."

म्हणून हे लिहिलं. चंद्रभागाबाई, मधुकरनं तुमचा अंगठा कधीच अडवला नाही. अडवला तो मी.

गेल्या आठवड्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला मी मुद्दाम कारंज्याच्या त्या केंद्रात गेलो. तिथल्या मुलीनं वाटीतलं ओलं फडकं घेऊन माझा अंगठा हलकेच पुसला, नखाच्या कडेपासून. म्हणाली, "मधुभाऊची सवय हाय. आता आमाले बी लागली." मला राहवलं नाही. उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं मी बोललो, मधुकर निर्दोष होता, चूक माझी होती. बाकावरच्या माणसांनी वर पाहिलं. कुणीतरी विचारलं, "कोनाचा नंबर चालू हाय?" ती मुलगी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "बसा बाबा. आंगठा ठेवा."

मी ठेवला. पहिल्याच वेळी लागला. मी जिवंत असल्याचा कागद प्रिंटरमधून बाहेर आला आणि तिनं तो माझ्या हातात दिला.