थोरलं की धाकटं

धोंडू केळुसकरच्या छातीत किती दम उरलाय हे लालबागच्या त्या चाळीत डॉक्टरपेक्षा मोर्चावरून जास्त कळत असे. छप्पन साली तो पुढे राहून ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ अशी आरोळी द्यायचा आणि मागची माणसं ‘झालाच पाहिजे’ म्हणायची. अठ्ठावन्न साली तो त्या मागच्या माणसांत गेला. एकोणसाठ साली मोर्चा चाळीखालून निघाला तेव्हा धोंडू तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहून नुसता हात वर करत होता. तेवढ्यानंही त्याला कठडा धरावा लागला.

चोवीस वर्षं गिरणीच्या कार्डिंग खात्यात काढली होती त्यानं. तिथे कापूस पिंजतात. त्याची कुसं हवेत तरंगत राहतात आणि तिथे राबणाऱ्यांच्या छातीत जाऊन बसतात. आणखी एक वर्ष तिथे काढलंस तर पुढचं मला विचारू नकोस, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणजे गिरणी सोडायची. पण सोडून जायचं कुठे? गावी, वेंगुर्ल्याजवळ केळुसला, धाकटा भाऊ कुशाबा होता. धोंडूला मूलबाळ नव्हतं, आणि धाकट्याच्या दारात जाऊन जेवायला बसणं त्याच्या जिवावर येत होतं. बाप मासे मारून जगला, मीही मुंबईत तसाच जगेन, म्हणाला. उरलेला दम कुणाचा मिंधा न होता संपवायचा, एवढीच त्या माणसाची इच्छा होती.

चाळीत राहणाऱ्यानं होडी ठेवायची कुठे? धोंडूनं त्यावरही तोड काढली. जुनी जहाजं मोडतात त्या दारूखान्यातून त्यानं लढाईतली जुनी रबराची बोट आणली. लांबी दहा फूट, हवा काढली की घडी करून खाटेखाली सरकवायची. ती गॅलरीत फुगवली तेव्हा दोन बिऱ्हाडांची दारं अडली आणि अख्खा मजला हसून घ्यायला जमा झाला. फुगवली म्हणजे त्याच्या बायकोनं, शांतानं, लोहाराचा भाता मारून. ज्याला फुगा फुगवता आला नसता तो बाजूला बसून सूचना करत होता.

राहिलं इंजिन. अशा बोटीला पाठीमागे लाकडाची फळी असते, तिला ते बाहेरून अडकवायचं. वरळीला कोळ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या बाबुरावकडे तशी दोन जुनी पडली होती. एक तीन घोड्यांच्या ताकदीचं, एका हातानं उचलावं असं. दुसरं दहा घोड्यांचं, जवळजवळ मणभर वजनाचं. धोंडूनं पहिल्याच दिवशी त्यांना नावं दिली: धाकटं आणि थोरलं. आणि थोरल्यावरून त्याची नजर हटेना.

बाबुरावनं त्याला चांगलं तासभर समजावलं. रबराची बोट हलकी असते, तिला ताकद थोडीच लागते. वजन मागे जास्त झालं की पुढचं टोक आभाळाकडे आणि बूड पाण्यात. आणि फळी रबराला नुसती चिकटवलेली असते, ती असले हिसके सोसत नाही.

“समुद्राचा जोर बघून इंजिन घ्यायचं नसतं रं,” बाबुराव शेवटी म्हणाला. “फळीला पेलंल तेवढं घ्यायचं. आणि तुला जिन्यावरनं नेता येईल तेवढं.”

आधीचं धोंडूनं ऐकलंच नाही, शेवटचं वाक्य मात्र वर्मी लागलं. खात्यात लोखंडी रोलर एकट्यानं उचलणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. गिरणीत मशीन हादरलं की खालचा पाया जड करतात, तशी मी फळीला लोखंडी पट्टी मारीन, असं तो घरी आल्यावर भिंतीला सांगत बसला. शांतानं चूल फुंकता फुंकता एवढंच म्हटलं, “धाकटाच घेवा. तुमका झेपात.” झालं. दोन दिवस अबोला.

मग त्यानं तिसऱ्याच कोर्टात दावा नेला. केळुसला रवळनाथाला कौल लावतात. देवाच्या अंगावर डावीउजवीकडे पाकळ्या चिकटवून गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. धोंडूनं कुशाबाला पत्र लिहिलं. पण गाबिताचा, पिढीजात मच्छीमाराचा, पोरगा फुग्यात बसून मासे मारणार, ही बातमी गावच्या किनाऱ्यावर पोचली तर काय होईल हे तो जाणून होता. म्हणून ना बोटीचं नाव, ना इंजिनाचं. त्यानं लिहिलं: ‘गिरणी सोडण्याचा विचार आहे. थोरले घ्यावे असे मनात आहे, शांता धाकटे म्हणते. देवाला विचारून कळव.’

पंधरा दिवसांत कार्ड आलं. ‘थोरल्यास उजवा दिला. निर्धास्त घ्यावे.’

देवानंच सांगितल्यावर बाबुरावला कोण विचारतो? धोंडूनं गिरणीला राजीनामा दिला आणि थोरलं घेतलं. तिसऱ्या मजल्यावरून ते हमालाकरवी उतरवून हातगाडीवर घालून प्रभादेवीच्या किनाऱ्यावर नेलं. फळीवर लोखंडी पट्टी होती, बोल्ट होते, शिवाय इंजिन पडू नये म्हणून साखळी होती. शांतानं नारळ फोडला. किनाऱ्यापासून बरंच आत जाईपर्यंत धोंडू हळू होता. मग त्यानं थोरल्याला पुरतं मोकळं सोडलं. बोटीचं नाक वर गेलं, बूड खाली गेलं, आणि फळी रबर फाडत सुटली. थोरलं साखळीसकट फळी घेऊन तळाला गेलं. उरलेल्या अर्ध्या फुग्याला धोंडू लोंबकळत राहिला. कोळ्यांच्या एका होडीनं त्याला काढला तेव्हा त्याच्या छातीत कापूस होताच, आता पाणीही होतं.

दीड महिना इस्पितळात गेला. तिथून त्याला खुर्चीत बसवून वर आणला, तो पुन्हा खाली उतरला नाही. जिना चढउतार म्हणजे मरण, असं डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं. शांता खाणावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली. धोंडू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. बुडाल्याचं दुःख त्याला तितकंसं नव्हतं. देवानं आपल्याला फसवलं, ह्याचं होतं.

एक मेला राज्य मिळालं. संध्याकाळी चाळीभर पणत्या लागल्या, माणसं शिवाजी पार्ककडे निघाली. शेजारची मीनाक्षी, म्युनिसिपालिटीच्या शाळेतली मास्तरीण, मागे थांबली, कारण कुशाबाचं पत्र आलं होतं आणि धोंडूला आता अक्षर लागत नव्हतं. ती वाचू लागली.

‘दादा, कार्तिकात तुमचे पत्र आले तेव्हाच समजलो, की तुम्ही उभयता घरी येणार. संकोचाने घराचे नाव लिहिले नाही तेही समजले. देवाने थोरल्या घरास उजवा दिला. ते वडिलांचे, म्हणून तुमचेच. त्याच आठवड्यात आम्ही धाकट्या घरात राहायला गेलो. थोरले घर सारवून ठेवले आहे. तुम्ही आला नाहीत म्हणून दर महिन्याला पुन्हा सारवतो. आता पावसाळ्यात आगबोटी बंद व्हायच्या आधी या. वाट पाहतो.’

शांतानं तोंडाला पदर लावला. धोंडूनं ‘सारवून ठेवले आहे’ एवढं पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा. देवानं फसवलं नव्हतं. देव घरी ये म्हणत होता, आणि ह्यानं त्या शब्दाचं इंजिन केलं होतं.

“लिव बाय,” तो म्हणाला. “थोरला बुडाला.”

मीनाक्षीनं कार्ड घेतलं आणि तिची लेखणी थांबली. मालवणीत इंजिनही थोरला आणि घरही थोरला. पण ती गिरगावात वाढलेली. तिच्या मराठीत ती दोन्ही थोरलं, आणि थोरला म्हणजे थोरला भाऊ.

“काका, थोरलं बुडालं लिहू, की थोरला बुडाला?”

धोंडूनं दम जमवायला बराच वेळ घेतला. खालून कुणीतरी घोषणा दिली, आणि तिचं उत्तर मोठ्यानं उठून हळूहळू विरलं.

“खयचाय लिव,” तो म्हणाला. “दोनय खराच.”

मीनाक्षीनं शांताकडे पाहिलं. मग तिनं धोंडू म्हणाला तसंच लिहिलं, थोरला बुडाला, आणि खाली केळुसचा पत्ता घातला.