विमानतळापासून दहा मिनिटं

“मिसेस देवधर, ये ब्रोशर आपको कहाँ से मिले?” प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं. आवाज एकदम शांत होता. त्या शांत झाल्या की सगळा स्टाफ घाबरायचा.

“रिसेप्शन में, मॅडम. बेंच के नीचे गट्ठर पड़ा था. मुझे लगा रद्दी है.”

“रद्दी नहीं है. चेअरमन साहब का नया हाउसिंग प्रोजेक्ट है.”

माझी पाचावर धारण बसली. कॉरिडॉरच्या भिंतीवर माझ्या नववी ‘ब’चे सहा तक्ते लागले होते. अर्ध्या तासात चेअरमन चढ्ढासाहेब ओपन डेचं उद्घाटन करायला येणार होते. आणि माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गुडगावात एका बाजूला मोहरीची शेतं होती आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट उभे टॉवर. शाळाही नवी कोरी. मी दिल्लीतल्या आर. के. पुरमहून स्कूल बसने यायचे. त्याआधी कितीतरी वर्षं कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं की तिच्या जागी शिकवायचं, हाच माझा उद्योग. पर्मनंट होण्याची ही पहिलीच संधी होती आणि मला ती नोकरी मनापासून हवी होती.

मी इंग्रजी शिकवायचे. नववीला ‘आर्ग्युमेंट रायटिंग’ होतं. त्यातल्या संज्ञा तशा सोप्या आहेत. क्लेम म्हणजे आपला दावा. एविडेन्स म्हणजे पुरावा. काउंटरक्लेम म्हणजे समोरचा काय म्हणेल ते, आणि रिबटल म्हणजे त्याला आपलं उत्तर. क्वालिफायर म्हणजे ‘साधारण’, ‘बहुतेक’ असले शब्द, जे लावले की दावा जरा सांभाळून केल्यासारखा होतो. पुस्तकातली उदाहरणं मात्र बर्फ पडणाऱ्या कुठल्यातरी गावची होती. मुलं जांभया द्यायची.

मला एकाच मजकुराच्या चाळीस प्रती हव्या होत्या. झेरॉक्स फक्त प्रश्नपत्रिकांची मिळायची. अशात तो गठ्ठा दिसला. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई आणि पहिल्या ओळीपासून नुसते दावे! विमानतळापासून दहा मिनिटं. चोवीस तास पाणी. हिरवाईच्या कुशीत घर. दारात कारंजं. पुरावा औषधालाही नाही. मला तर घबाड सापडल्यासारखं झालं.

मुलं अशी कामाला लागली की बस्स. निम्मी मुलं असल्याच सोसायट्यांत राहत होती. सिमरन नावाच्या मुलीने वडिलांच्या गाडीतून चार वेळा विमानतळ गाठून वेळ मोजली. सरासरी बेचाळीस मिनिटं आली. एका गटाने गच्चीवरून पाण्याच्या टँकरचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘प्रायमरी सोर्स’, म्हणजे स्वतः पाहिलेला, कुणाच्या सांगण्यावरचा नाही असा पुरावा. दुसऱ्या गटाने ब्रोशरवरच्या चित्राचं साहित्यिक विश्लेषण केलं: ‘एवढ्या मोठ्या बागेत चारच माणसं आहेत. शेजारी नाहीत. थीम: एकटेपणा.’

“निकालो इनको,” मॅडम म्हणाल्या. पण तक्ते मुलांनी डिंकाने चिकटवले होते. शिवाय पालक आधीच आत शिरले होते आणि वाचून खो खो हसत होते. त्यातल्या दोघांनी तिथे फ्लॅट बुक केले होते. ते तेवढे हसत नव्हते.

तेवढ्यात चढ्ढासाहेब आले. पहिल्याच तक्त्यासमोर थांबले. सिमरन पुढे झाली आणि मी शिकवलं होतं तसंच, खणखणीत आवाजात म्हणाली, “सर, ये क्लेम है. इसका एविडेन्स नहीं है.”

मी मनातल्या मनात बाळंतपणाच्या रजा शोधायला लागले.

“बेटा, मैं खुद दस मिनट में आता हूँ,” साहेब म्हणाले.

“किस टाइम, सर?”

“सुबह पाँच बजे. रास्ता खाली होता है.”

“तो सर, क्वालिफायर लगाना पड़ेगा.” तिने तक्त्याच्या कोपऱ्यातली यादी दाखवली.

साहेबांनी चष्मा लावला. यादी दोनदा वाचली. “ये लगाने से बात झूठ नहीं रहती?”

“नहीं सर. लेकिन कमज़ोर हो जाती है.”

“कमज़ोर चलेगी!” असं म्हणत त्यांनी आपल्या मॅनेजरला हाक मारली आणि सगळी यादी उतरवून घ्यायला लावली. मग वळून विचारलं, “ये पढ़ाया किसने?”

चाळीसच्या चाळीस मुलांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

पुढच्या महिन्यात नवं ब्रोशर आलं. ‘विमानतळापासून साधारण दहा मिनिटं, अनुकूल परिस्थितीत.’ कारंजं ‘प्रस्तावित’ झालं होतं. त्याच सुमारास माझं पत्रही आलं: माझं काम ‘एकंदरीत’ समाधानकारक असल्याने मला ‘तूर्त’ कायम करण्यात येत आहे. मसुदा साहेबांनी स्वतः केला होता म्हणे. घरी यांना दाखवलं. हे मंत्रालयातले, जन्म असल्या मसुद्यांत गेलेला. “कायम लिहिलंय ना? मग बिल्कुल काळजी करू नकोस,” म्हणाले.

संशोधनाचा पहिला नियम मी स्वतः फळ्यावर लिहून दिला होता: कागद वापरण्याआधी तो कुणी छापला ते पाहा. त्या ब्रोशरच्या मागच्या पानावर चढ्ढासाहेबांचा नावासकट हसरा फोटो होता. मी पान उलटलंच नव्हतं.

“तुम लोगों ने देखा था?” मी सिमरनला विचारलं.

“सबने देखा था, मॅम. हमें लगा आपको पता है. इसीलिए तो इतनी मेहनत की.”

तो दावा मी आजतागायत खोडलेला नाही.